जेवू घालून सांगायची खबर

कारापूरच्या टोकाला, जिथे भाताची शेते संपून कुळागरे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, सुरू होतात, तिथे सातेरीचे एक लहान देऊळ आहे आणि देवळाला लागून अग्रशाळा. तिथे रात्र काढायची असेल, तर आधी देवकीच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. गाव खंयचो? कूळ खंयचां? जेवलंस काय? पहिले दोन प्रश्न देवस्थान समितीचे आहेत. तिसरा देवकीचा स्वतःचा. तो कोणत्याही नियमात नाही आणि त्याचे उत्तर ती सहसा ऐकूनही घेत नाही.

अग्रशाळा म्हणजे देवळाच्या महाजनांनी आणि कुळाव्यांनी, ज्यांच्या कुळाची ही देवी त्यांनी, जत्रेखेत्रेला येऊन उतरावे म्हणून बांधलेली खोल्यांची ओळ. ही ओळ नेमकी केव्हा उभी राहिली याविषयी गावात दोन मते आहेत. दोन्ही सारख्याच ठामपणे मांडली जातात आणि एकालाही कागदाचा आधार नाही. नियमाविषयी मात्र दुमत नाही. खोली महाजनाला, परक्या वाटसरूला पुढचा सोपा. सोपा म्हणजे खोल्यांपुढची कौलारू, शेणाने सारवलेली ओसरी. पुढच्या अंगाला भिंत नाही, दार नाही. निजलेल्या माणसाला थेट दीपस्तंभ दिसतो.

पूर्वी या सोप्यावर कोण निजत असे, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. अलीकडे तिथे निजतात ते सायकलवाले. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की सूर्य कलायच्या सुमाराला माणूस साखळीच्या आसपास पोचतो. तिथल्या लॉजवर लग्नाचे वऱ्हाड तरी असते, नाहीतर सायकल जिन्याने वर न्यायला बंदी तरी. मग पेट्रोल पंपावरचा कोणीतरी हात करून सांगतो, "कारापुरात जावा. सातेरीच्या सोप्यार देवकी आसा." असे पहिले दोघे आले तेव्हा समितीची बैठक झाली. समितीचा चिटणीस गौरेश, डिचोलीच्या एका बँकेत नोकरी करणारा, पस्तिशीचा, प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखे बोलणारा मनुष्य. त्याने निर्णय कळवला: "काकी, सोपो वाटसरूचो. वाटसरू चलत इलो काय सायकलीर इलो, देवीक फरक पडना. पण सायकलीची चेन तळयेर धुवपाची नाय. तेल तरंगता."

देवकीने हा नियम आजवर काटेकोर पाळून घेतला आहे.

तिचे माहेर धारगळचे. वडिलांची हमरस्त्यालगत चहाची आणि उंड्यांची, म्हणजे गोव्याच्या गोल पावांची, टपरी होती, त्यामुळे अनोळखी माणसाला बसवून विचारपूस करणे तिला शिकावे लागले नाही. विसाव्या वर्षी ती कारापूरला दिली गेली. नवरा गुरुदास सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवत असे. लाल धूळ अंगावर घेऊन तो येई, विहिरीवर आंघोळ करी आणि पाणी पांढरे होईपर्यंत देवकी वरून ओतत राही. एका दुपारी खाणीच्या रस्त्यावर त्याचा ट्रक कलंडला. त्यानंतर काही वर्षांनी खाणीही थांबल्या, वाड्यावरचे ट्रक विकले गेले. पण देवकीच्या घरातला ट्रक त्याआधीच थांबला होता. मुलगी सिद्धी तेव्हा शाळेत पाटी घेऊन जात होती; आज ती म्हापशाला नोकरी करते. अग्रशाळेची झाडलोट आणि चाव्या देवकीकडे आल्या त्या त्याच काळात.

एवढे सगळे वाड्यावर कोणीही सांगते. जे सांगत नाहीत ते असे, की देवकी शेजारच्या गंगावयनीच्या घरी जेवत नाही. भांडण नाही. दोघी एका विहिरीचे पाणी भरतात, चवथीला एकमेकींच्या घरी नेवऱ्या पोचवतात, आजारपणात उशापायथ्याशी बसतात. पण गंगावयनी ताट घेऊ लागली की देवकीला काहीतरी काम आठवते. गुरुदास गेला त्या दिवसापासून हे असे आहे.

त्या दुपारी गंगावयनी झाकलेले भांडे घेऊन आली होती. "तारले गावले गो आज. ये, बस." तिने स्वतः भात वाढला, तळलेले तारले घातले, कढी ओतली. "आनी घे. पोटभर जेव." सिद्धीला कोणीतरी आधीच उचलून पलीकडे नेले होते, त्याचे देवकीला नवल वाटले नाही. ट्रकला काहीतरी झालेय, गुरुदासला बांबोळीच्या इस्पितळात नेलेय, बरा आहे, एवढे तिला सांगितले होते. तेही जेवणाच्या मध्येच, सहज सांगावे तसे. ती जेवली. चांगली जेवली. हात धुवून उभी राहिली, तेव्हा अंगण माणसांनी भरले होते आणि एकजणही तिच्याकडे बघत नव्हता.

मागून, दिवस होऊन गेल्यावर, तिने विचारले होते. "वयनी, माका वाढलंस तेव्हां तुका खबर होती?"

"नाय गो बाये," गंगावयनी म्हणाली होती. "सातेरीची आण. माका खबर नासली."

देवकीला जेवू घातल्याचा राग नव्हता. ज्या घरात माणूस गेले त्या घरात मग चूल पेटत नाही, बाईला पाणीसुद्धा घशाखाली जात नाही, हे तिलाही कळत होते. तिला बोचले ते "नाय" हे उत्तर. सगळा वाडा जाणत होता आणि ती तारल्याचे काटे बाजूला काढत होती.

ही पार्श्वभूमी असताना, गेल्या मार्गशीर्षात, जत्रेला दोन दिवस उरले होते त्या दिवशी, ओंकार आला.

पंचविशीचा, उन्हाने रापलेला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घाटाची धूळ. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे गुंडाळलेला तंबू. आवारात मांडव घालायचे काम चालू होते. रोषणाईसाठी तारा ओढायच्या म्हणून सकाळपासून वीज बंद केलेली.

"मावशी, आजच्या रात्रीपुरती जागा मिळेल का? पंपावरच्यांनी तुमचं नाव सांगितलं."

"बस बाबा. पयलीं पाय धू. गाव खंयचो?"

"गडहिंग्लज."

"म्हणजे घाटार. आणि कूळ?"

"कूळ म्हणजे?"

"कुळदेव रे तुमचो खंयचो?"

"जोतिबा."

"मगे आमचो न्हय तू. खोली नाय, सोपो." तिने पाय धुवायला तांब्या पुढे केला. "जेवलंस काय?"

"वाटेत केळी खाल्ली चार."

"केळां म्हणजे काय जेवण? सांजचां लवकर वाढतंय. माझां घर थंय, बांधाच्या पलीकडे. आणि आयक, ती चेन तळयेर धुवपाची नाय."

ओंकार हसला. "हे पंपावर पण सांगितलं त्यांनी."

त्याचा एक शिरस्ता होता. मुक्कामाला पोचला की तिथल्या माणसाच्या फोनवरून घरी फोन करायचा. आईची अट होती ती; स्वतःच्या फोनवरून कोणीही खुशाल काहीही सांगेल, पण परक्या माणसाचा आवाज ऐकला म्हणजे पोरगा खरेच छपराखाली आहे याची खात्री. त्याचा फोन तर घाटातच नकाशा दाखवून दाखवून बंद पडला होता आणि वीज नसल्यामुळे तो चार्जही होत नव्हता. त्याने देवकीचा फोन मागितला, आईशी बोलला, आणि म्हणाला, "मावशी, आण्णांना तुमच्याशी बोलायचंय. माझे वडील."

पलीकडून मोठा, मोकळा आवाज आला. "मावशी का? मी जयवंत, ओंकारचा बाप. जागा कशी हाय हो? किडामुंगी न्हाई न्हवं?"

"देवीच्या दारात आसा तो. किडामुंगी काय करतली?"

"मग बरं हाय. आणि एक सांगतो. पोटभर जेवायला घाला त्याला. नको नको म्हणंल, ऐकू नका. लाजतंय ते, पण खातंय लय. बैलासारखं खातंय."

"खावंदे. सायकल वडता म्हणजे बैलाचांच काम."

पलीकडे खदखदून हसणे झाले. "ऐकलंस काय गं," असे तो बायकोला सांगताना देवकीला ऐकू आले. "गोव्याच्या मावशीनं पोराला बैल म्हटलं बघ!" मग फोन ठेवला.

ओंकारने विहिरीवर आंघोळ केली, कपडे पिळून दोरीवर टाकले आणि सोप्यावर आडवा झाला तो लगेच झोपला. देवकी समया घासायला बसली. सावल्या तळ्यापर्यंत पोचल्या असतील, तेव्हा तिच्या फोनवर तोच नंबर पुन्हा आला. तिला वाटले, जयवंतांना आणखी काहीतरी सुचले.

आवाज वेगळा होता. "बाई, ओंकार जवळ आहे का?"

"निजला. उठवू?"

"नको, नको. तुम्ही जरा लांब जावा." ती तळ्याच्या पायरीपर्यंत गेली. "मी त्याचा चुलता. जयवंत गेला. चहाची कपबशी हातात होती. डॉक्टर येस्तोवर संपलं." त्याने आवाज खाली आणला. "त्याला हे सांगू नका, बाई. आण्णांना बरं वाटंना झालंय, गाडी करून ये, एवढंच सांगा. तो आल्याशिवाय आम्ही उचलत नाही. अग्नी त्यालाच द्यायचाय. आणि उपाशी पाठवू नका. हितं आता चूल पेटायची नाही."

देवकी पायरीवर बसली. तळ्यात मांडवाच्या बांबूंची सावली पडली होती, आणि मघाशी हसणाऱ्या माणसाचा आवाज तिच्या कानात अजून ताजा होता. इतका ताजा, की हा दुसरा फोनच खोटा वाटावा.

ती मांडवात गेली. गौरेश शिडीखाली उभा राहून वीजवाल्याला तार कुठून न्यायची ते दाखवत होता. तिने त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. माणूस म्हणून गौरेश वाईट नाही. त्याचा चेहरा खरोखर उतरला. पण चिटणीस म्हणून त्याला लगेच दुसरी गोष्ट सुचली.

"काकी, तेका हंय काय सांगू नका हां. परवां जत्रा. सोपो आवारात येता. तेका कळल्याबराबर सुतक लागला, म्हणजे आवार परत शुद्ध करूक व्हया, भटजीक आणूक व्हया..."

"आणि आता लागूक नाय?"

"आयकूक नाय तवसर लागना. सुतक कानांतसून लागता."

हे शास्त्रात कुठे आणि कसे सांगितले आहे हे गौरेशला विचारले असते तर त्यालाही सांगता आले नसते. पण वाड्यावर ते सर्वमान्य आहे. लग्नमांडवात दूरचे मरण कळू देत नाहीत ते याच समजुतीने. ज्याने ऐकले नाही तो मोकळा.

"तुमी तेका घरा व्हरा, जेवूंक घाला," गौरेश म्हणाला. "मी साखळेंसून गाडी सांगतंय. येवंक थोडो वेळ लागतलो, तवसर जेवण जाता. आणि 'बरां नाय' इतक्यांच सांगा. चुलत्यानीय तेंच म्हटलां मां? खोटां खंय बोलतंव आपण? बरां नाय म्हणजे बरां नायच."

सगळ्यांचे सगळे जुळत होते. चुलत्याला वाटेतली काळजी, गौरेशला आवाराची. मेलेल्या बापानेसुद्धा, तो जिवंत असताना, पोटभर घाला एवढेच मागितले होते. देवकीने फक्त भात वाढायचा आणि तोंड मिटून ठेवायचे. नेमके तेच तिला जमेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. तिला वाटले, गंगावयनीनेही त्या दुपारी असेच झाकलेले भांडे हातात धरून अंगण ओलांडले असेल.

तिने ओंकारला हलवून उठवले. "चल बाबा. जेवूक चल."

"एवढ्यात? अजून उजेड आहे."

"मगे अंधारात जेवशी काय? वीज नाय. चल, बॅग घे ती लहानशी."

तो मुकाट्याने निघाला. सायकल सोप्याच्या खांबाला टेकून राहिली. देवळाच्या आवाराचा गडगा, दगडी कुंपण, ओलांडताना देवकीने एकदा मागे पाहिले. इथून पुढे देवीचे काही जात नव्हते. आता जे काय ते तिच्या एकटीच्या अंगावर.

जत्रेच्या दिवसांत वाड्यावर शिवराक असते, मासळी शिजत नाही. तिने खतखते केले होते, भात, तोंडाक म्हणजे कालवण म्हणून डाळ, पेल्यात सोलकढी. ओंकार पाटावर बसला आणि जयवंतांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. आधी लाजला, मग जेवला.

"ह्या भाजीत काय काय आहे, मावशी?"

"सगळां. मुळो, सुरण, कणस, तिरफळ. खा."

"आण्णांना हे आवडलं असतं. ते सगळं मिसळूनच खातात. आई चिडती." त्याने भात कालवला. "तुम्हाला काय म्हणाले फोनवर? बैल?"

"मी म्हटलां बैल. तेणीं हसून घेतला."

"त्यांचं काय, त्यांना सायकल पटत नाही बघा. म्हणतात, पेट्रोल स्वस्त होईस्तोवर ठीक आहे. पण भिंतीवर नकाशा लावलाय. रोज मी कुठं पोचलो तिथवर लाल पेन्सिलनं रेघ. आंबोली उतरलो, रामघाट चढलो, चोर्ला उतरलो. उद्या अनमोड."

देवकीने तोंडाक वाढले.

"परवा चंदगडात मुक्काम होता. घर तिथनं तासाभराच्या वाटंवर. म्हटलं, येऊ का एक रात्र? आण्णाच म्हणाले, येऊ नको. आलास तर आई सोडायची नाही आणि माझी रेघ अर्धी राहील." तो हसत होता. "म्हटलं ठीक आहे, परतताना बघू."

देवकीच्या हातात भाताचा डाव होता. ताटात भात होता, तरी तिने आणखी वाढायला हात पुढे केला होता, आणि आपण हे आधीही दोनदा केले, हे तिच्या लक्षात आले. त्याला भूक होती म्हणून नव्हे. ताट रिकामे झाले की बोलावे लागेल, म्हणून. गंगावयनीचे "आनी घे, आनी घे" हेच होते तर. तिला ते इतकी वर्षे कपट वाटले होते. आता ते तिच्याच हातात होते.

तिने डाव भांड्यात ठेवला.

"हात धू बाबा."

"अजून संपलं नाही की."

"ऱ्हावंदे. हात धू."

त्याने तिच्याकडे पाहिले. उठला, परसात जाऊन हात धुतला, आणि दारातच उभा राहिला. देवकीही उभी राहिली.

"तुझे वडील गेले," ती म्हणाली. "तुझ्या काकाचो फोन इलो होतो. चहा पिताना बसल्याजाग्यार गेले. काकान माका सांगलां, 'बरां नाय' इतक्यांच सांग म्हणून. तां माझ्यान जावचा नाय. गाडी येताहा. तू जायसर ते तुका थांबतले."

ओंकार ओला हात तसाच लांब धरून होता, जसा जेवलेला माणूस पंचा मागायला धरतो. मग त्याने विचारले, आणि प्रश्न देवकीला इतका ओळखीचा होता की शब्द त्याच्या तोंडून निघण्याआधीच तिने ते ऐकले.

"मी जेवत होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय" म्हणणे सोपे होते. आत्ताच फोन आला, असे म्हटले असते तर कोण तपासणार होते?

"होय," देवकी म्हणाली. "माका खबर होती. तू निजलेलंस तेव्हांसून. माझेर राग धर, पण खोटां सांगूचंय नाय."

त्याने तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही. मग तो खाली बसला, उंबऱ्यावर, आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडला. देवकी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली, पण तिने हात मागे घेतला. तो हक्क आपण थोडा गमावला आहे, असे तिला वाटले. कुंपणापलीकडे गंगावयनी तुळशीपुढे दिवा घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत गेली नाही.

गाडी आली. ओंकार बसताना एवढेच म्हणाला, "सायकल बघा." देवकीने मान हलवली. गाडी चोर्ल्याच्या दिशेने वळेपर्यंत ती वाटेवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सायकलीवरून समितीत थोडा वाद झाला. ज्याचे सुतक त्याची वस्तू आवारात, जत्रा उंबरठ्यावर. "सायकलीक सुतक लागता काय?" असे कोणीतरी विचारले, आणि गौरेशने बराच विचार करून सांगितले, "सायकलीक कान नाय." तरी उगाच वाद नको म्हणून देवकीने ती ढकलत स्वतःच्या पडवीत नेली, वर ताडपत्री घातली. गौरेश मागून पिशव्या घेऊन आला. "काकी, तुमी तेका सांगलांत मगे?" "सांगलां. गडग्याभायर." "मगे काय हरकत नाय," तो म्हणाला, आणि दोन पावले जाऊन परत वळला. "बरां केलांत."

जत्रा झाली. मांडव सुटला. दिवसकार्य उरकल्यावर ओंकार एसटीने आला. डोक्यावर नुकते उगवलेले केस, अंगात पांढरा सदरा. देवकीने दारातच विचारले, "जेवलंस काय?" आणि विचारल्यावर तिलाच कसेसे झाले.

तो उंबऱ्यावर बसला, तिथेच, जिथे त्या दिवशी बसला होता.

"त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच काकू भेटली," तो सांगू लागला. "म्हणाली, काही नाही रे, जरा चक्कर आलीय आण्णांना. मी म्हटलं, काकू, मला ठाऊक आहे. मग तीच रडायला लागली. मला गाडीत पुरेसं रडून झालं होतं. आईला धरायला कुणीतरी पाहिजे होतं. पण जेवणाचा राग आला होता, मावशी. खोटं सांगत नाही. गाडीत पोटात भात होता आणि... राग अजून आहे थोडा."

"आसूं दी," देवकी म्हणाली. "माझो पंधरा-वीस वर्सां होतो."

कोणावर, हे त्याने विचारले नाही. अनमोड पुढच्या वर्षी, म्हणाला. आई एकटी आहे, आता चोर्ल्यानेच परत. नकाशावरची रेघ कारापूरपाशी थांबली आहे, तिथून ती वर वळवणार होता. त्याने सायकलीत हवा भरली, पिशव्या बांधल्या. देवकीने दिलेला उंडा आणि केळी घेतली. नको म्हणाला नाही. वाकून नमस्कार करून निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर देवकी कुंपणापाशी गेली. गंगावयनी परसात मासळी साफ करत होती. जत्रा उलटली होती, वाड्यावर पुन्हा मासळी शिजू लागली होती.

"वयनी."

"काय गो? गेलो तुझो सायकलवालो?"

"गेलो." देवकीने कुंपणाच्या काठीवर हात ठेवला. "वयनी, त्या दिसा माका वाढलंस तेव्हां तुका खबर होती मां?"

गंगावयनीची सुरी थांबली.

"होती," ती म्हणाली.

"मगे नाय कित्याक म्हणालंस? आणि तीय देवीची आण घेवन?"

"होय म्हटलां आसतां तर तू माझ्या हातचां परत कधी खाल्लां नसतां."

"तसांय खाल्लां खंय?"

गंगावयनीने मान खाली घातली. तिला हसू आले की दुसरे काही, हे कुंपणाच्या अलीकडून सांगणे कठीण होते. तिने सुरी पाण्यात बुडवली, हातातला मासा उलटा केला आणि खवले काढू लागली.

"तारले आसत," ती वर न बघता म्हणाली. "तळतंय. येवचां आसल्यार ये."

देवकीने कुंपणाची काठी सरकवली आणि आत गेली. "बस गो तू," ती म्हणाली. "तवो मी ठेवतंय."